दान इमारतीचे आणि दान विद्येचे

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात बोलण्याची संधी मिळाली, याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा ऋणी आहे. मी व्यवसायाने कापडाचा व्यापारी, शिक्षणाने वाणिज्य शाखेचा पदवीधर. व्यासपीठापेक्षा गादीवर बसून बोलण्याची सवय अधिक. त्यामुळे मोठ्या तत्त्वचर्चेत न शिरता एकाच विषयावर आपले लक्ष वेधावे, असा माझा मानस आहे. तो विषय म्हणजे रुग्णालय-प्रशासनाची पदवी. आपल्या घराघरांत मुलांच्या शिक्षणाची चर्चा होते तेव्हा डॉक्टर, चार्टर्ड अकाउंटंट, इंजिनिअर, एमबीए ही नावे सहज तोंडी येतात. ‘मास्टर ऑफ हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन’ अथवा संक्षेपाने ‘एमएचए’ हे नाव क्वचितच ऐकू येते. ते अधिक ऐकू यावे, अशी माझी इच्छा आहे, आणि त्यामागे आपल्या समाजाच्या हिताचे एक ठोस कारण आहे.

आपल्या परंपरेत आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान अशी दानाची चार रूपे सांगितली आहेत. यांपैकी औषधदानाच्या बाबतीत व्यापारी समाजाने हात आखडता घेतलेला नाही. धर्मादाय दवाखाने, नेत्रशिबिरे, रक्तदान, डायलिसिसची यंत्रे, रुग्णवाहिका, या सर्व कार्यांत आपली माणसे पुढे असतात. आपल्या ठाण्यातच बाळकूम येथे जितो एज्युकेशनल अँड मेडिकल ट्रस्टच्या पुढाकाराने कर्करोग रुग्णालयाच्या उभारणीसाठी २०२३ साली भूमिपूजन झाले. इमारतीसाठी देणारे हात आपल्याकडे आहेत. परंतु ती इमारत उभी राहिल्यावर रात्री दोन वाजता तेथे प्राणवायूचा दाब कोण पाहणार, औषधांचा साठा कोण मोजणार, गरीब रुग्णाच्या खाटेचा हिशेब कोण ठेवणार, हा प्रश्न आपण कोनशिलेच्या समारंभात विचारत नाही. औषधदानाला ज्ञानदानाची जोड द्यावी लागेल ती नेमकी याच ठिकाणी.

ही विद्या कोठून आली

रुग्णालय चालविणे ही स्वतंत्र विद्या आहे, हे जगाला फार पूर्वी समजले असे नाही. अमेरिकेतील शिकागो विद्यापीठात मायकेल डेव्हिस यांच्या पुढाकाराने १९३४ साली रुग्णालय-प्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. तोपर्यंत ज्येष्ठ डॉक्टर, परिचारिका अथवा धर्मगुरू यांच्यापैकी कोणीतरी अनुभवाच्या बळावर ही जबाबदारी सांभाळीत असे. आपल्या देशात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने, म्हणजे एम्सने, १९६६ साली डॉक्टरांसाठी ही पदव्युत्तर पदवी सुरू केली. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात या विषयात एम.डी. करता येते. हा झाला डॉक्टरांचा मार्ग.

आपल्या मुलांना अधिक जवळचा वाटावा असा दुसरा मार्ग देवनारला आहे. टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजे आपण ज्याला ‘टिस’ म्हणतो, तेथे डॉक्टर नसलेल्या पदवीधरालाही रुग्णालय-प्रशासनाची पदव्युत्तर पदवी घेता येते. डोंबिवलीहून निघालेल्या मुलाने कुर्ल्याला गाडी बदलली आणि हार्बर मार्गाने गोवंडीला उतरला की संस्था फार दूर नाही. परदेशी जाण्याचे कारण नाही, घर सोडण्याचेही नाही.

या संस्थेचा इतिहास आपणा व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. टाटांच्या वैभवात कापडाचा वाटा मोठा होता. जमशेटजींची नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली, आणि लोखंड-पोलादाचा कारखाना पुढच्या पिढीच्या हातून उभा राहिला. त्या घराण्यातील सर दोराबजी टाटा यांच्या नावाच्या न्यासाने १९३६ साली समाजकार्याचे शिक्षण देणारी शाळा मुंबईत काढली. तीच आजची टिस. त्याच न्यासाने १९४१ साली परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू केले. माणसे घडविणारी शाळा आधी आणि रुग्णालय पाच वर्षांनी, हा क्रम योगायोगाचा असेलही. परंतु एकाच न्यासाने दोन्ही गोष्टींना सारखेच दानयोग्य मानले, हे महत्त्वाचे आहे.

दुसरे उदाहरण जयपूरचे. वाहतूक व्यवसायातील एका मोठ्या घराण्याशी संबंधित भोरुका चॅरिटेबल ट्रस्टने १९८४ साली तेथे आरोग्य-व्यवस्थापनाचे संशोधन आणि शिक्षण देणारी संस्था स्थापन केली. आज ती आयआयएचएमआर विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. त्या व्यावसायिकांना आणखी एक रुग्णालय बांधता आले असते. त्यांनी रुग्णालये चालविणारी माणसे तयार करण्याचे ठरविले. दानाचा हा विचार मला फार दूरदृष्टीचा वाटतो.

दुकान आणि रुग्णालय

येथे आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक शंका येईल. “आम्ही पिढ्यान्पिढ्या पेढ्या चालविल्या. माल, माणसे, उधारी, हिशेब, सारे सांभाळले. रुग्णालय चालवायला वेगळी पदवी कशाला?” ही शंका रास्त आहे, म्हणून तिचे उत्तर आपल्याच भाषेत देण्याचा प्रयत्न करतो.

पहिली गोष्ट साठ्याची. माझ्या दुकानात एखादा ताका पडून राहिला तर दिवाळीनंतर तो मी सवलतीत काढतो. नुकसान होते ते माझ्या गल्ल्याचे. रुग्णालयातील औषधाला मुदत असते. मुदत संपलेले इंजेक्शन सवलतीत काढता येत नाही, ते नष्टच करावे लागते. उलट, एखाद्या रंगाचे कापड संपले तर ग्राहक दुसरा रंग घेतो अथवा उद्या येतो. सर्पदंशावरील प्रतिविष संपले तर रुग्णाला ‘उद्या या’ म्हणता येत नाही. म्हणून या अभ्यासक्रमात औषधांची दुहेरी वर्गवारी शिकवितात. एक वर्गवारी किमतीनुसार : थोड्या वस्तूंत बहुतांश पैसा गुंतलेला असतो, त्यांवर कडक नजर ठेवायची. दुसरी गरजेनुसार : जिच्यावाचून प्राण जाईल ती वस्तू, जिच्यावाचून अडचण होईल ती, आणि जी असल्यास बरी ती. स्वस्त पण प्राणरक्षक अशी वस्तू केवळ किंमत पाहणाऱ्याच्या यादीत तळाला जाते. रुग्णालयात ती वरच ठेवावी लागते. व्यापाऱ्याची दृष्टी येथे अर्ध्या वाटेपर्यंतच पोहोचते.

दुसरी गोष्ट जागेची. दुकानातील प्रत्येक फळी भरलेली असावी, अशी आपली शिकवण. रुग्णालयाच्या सर्व खाटा सदैव भरलेल्या असणे हे मात्र चांगल्या व्यवस्थेचे लक्षण मानत नाहीत. शंभरपैकी साधारण ऐंशी ते पंच्याऐंशी खाटा भरलेल्या असाव्यात, असा सर्वसाधारण संकेत आहे. उरलेल्या खाटा अपघातग्रस्तासाठी, अडलेल्या बाळंतिणीसाठी आणि अचानक आलेल्या साथीसाठी लागतात. रिकामी खाट पाहून विश्वस्ताचा जीव कासावीस होतो, कारण ती त्याला न विकलेल्या मालासारखी दिसते. प्रशिक्षित प्रशासकाला त्याच खाटेत उद्या येणारा रुग्ण दिसतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. माझ्याकडे येणारा ग्राहक कापड हातात घेतो, चुरगळून पाहतो, पन्हा विचारतो, भाव करतो, न पटल्यास शेजारच्या दुकानात जातो. त्याची पारख हाच माझ्यावरील अंकुश. रुग्णाला यांपैकी काहीच करता येत नाही. त्याला कोणती तपासणी हवी हे त्याला ठाऊक नसते. वेदनेत तो भाव करू शकत नाही, आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावरून उठून दुसरीकडे जाऊ शकत नाही. ज्या व्यवहारात घेणाऱ्याला पारख करता येत नाही, तेथे देणाऱ्यानेच स्वतःवर अंकुश ठेवावा लागतो. दरपत्रक लावणे, संमतिपत्र रुग्णाच्या भाषेत समजावून सांगणे, बिलातील प्रत्येक ओळीचा आधार ठेवणे, तक्रारीची नोंद करून तिचा पाठपुरावा करणे, जंतुसंसर्गाचे प्रमाण दरमहा मोजणे, ही त्या अंकुशाची साधने होत. २००५ साली स्थापन झालेले रुग्णालयांचे राष्ट्रीय मान्यता मंडळ, म्हणजे ‘एनएबीएच’, रुग्णालयांची परीक्षा घेते ती अशाच कसोट्यांवर.

म्हणून मी म्हणतो की ही विद्या वैद्यकाहून वेगळी आहे आणि व्यापाराहूनही वेगळी आहे. दोहोंच्या मधोमध तिचे घर आहे.

कायदा आणि कागद

आपण ट्रस्टची माणसे असल्यामुळे कायद्याची एक बाजू येथे सांगणे आवश्यक आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० यातील कलम ४१ कक धर्मादाय रुग्णालयांना लागू होते. या कलमान्वये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ साली जी योजना अमलात आली, तिच्यानुसार अशा रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखावयाच्या असतात. एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी काढावी लागते. हा निधी खर्च कसा झाला, कोणत्या रुग्णावर झाला, कोणत्या दाखल्यावर झाला, याचा हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला द्यावा लागतो. ज्या विश्वस्तांना केवळ देणगीची पावती फाडणे ठाऊक आहे, त्यांच्या आवाक्यातले हे काम नव्हे. येथे चूक झाली तर दंड होईल तो होईल, पण ज्याच्यासाठी खाट राखीव होती तो रुग्ण दारातून परत जाईल. औषधदानाच्या नावाने उभ्या असलेल्या वास्तूतून गरीब माणूस परत जावा, यापरती विटंबना कोणती?

याशिवाय सरकारी योजना आहेत. राज्यात २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ साली आली. रुग्णालय या योजनांत सहभागी व्हावे, तेथे आलेल्या माणसाला आरोग्यमित्राने योग्य कागद सांगावेत, दावा वेळेत जावा आणि पैसे परत यावेत, ही साखळी सांभाळणारा माणूस नसेल तर योजना कागदावरच राहते. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम घ्या. पिवळी, लाल, पांढरी आणि निळी अशा चार रंगांत कचरा वेगळा करावा लागतो. एक सुई चुकीच्या पिशवीत गेली तर ती टोचते सफाई कामगाराच्या हाताला. अहिंसेचा विचार ज्यांच्या घरात लहानपणापासून शिकविला जातो, त्यांना या पिशव्यांच्या रंगाचे महत्त्व वेगळे सांगावे लागू नये.

आपल्या सर्वांच्या अनुभवाचा एक विषय सांगतो. माझ्या कुटुंबातील एका व्यक्तीला काही वर्षांपूर्वी एका खासगी रुग्णालयातून घरी सोडावयाचे होते. डॉक्टरांनी सकाळी नऊ वाजता ‘घरी जा’ म्हटले. आम्ही बाहेर पडलो तेव्हा दिवे लागले होते. नातेवाइकांनी काउंटरवरच्या मुलीवर आवाज चढविला, ती बिचारी रडकुंडीला आली. माझ्या पुतण्याची मुलगी तेव्हा रुग्णालय-प्रशासनाच्या दुसऱ्या वर्षात शिकत होती. संध्याकाळी तिने मला शांतपणे कागदावर आकृती काढून दाखविली. “आजोबा, डॉक्टरांनी सांगितल्यावर सारांशपत्र टाइप व्हायला हवे. वॉर्डातली उरलेली औषधे फार्मसीला परत जायला हवीत. लॅब आणि एक्स-रेचे आकडे बिलात यायला हवेत. मग ते बिल विमा कंपनीच्या मध्यस्थाकडे जाते, तिकडून मंजुरी येते. हे सगळे एकामागून एक चालले म्हणून दिवस गेला. सारांशपत्र आदल्या रात्रीच तयार ठेवले आणि औषधे सकाळच्या फेरीपूर्वी परत केली असती, तर अर्धा वेळ वाचला असता. त्या काउंटरवरच्या मुलीचा यात काहीच दोष नव्हता.” चाळीस वर्षे धंदा केलेल्या माणसाला तिने पाच मिनिटांत दाखवून दिले की विलंब हा माणसांच्या आळसाचा नसून रचनेचा असतो. पुढे २०२४ साली विमा नियामक प्राधिकरणाने रोकडरहित दाव्यांत अंतिम मंजुरी तीन तासांच्या आत द्यावी, असे बंधन विमा कंपन्यांवर घातले. पण रुग्णालयातून कागदच दुपारी चार वाजता निघाला, तर त्या तीन तासांचा उपयोग काय?

जेव्हा व्यवस्था चुकते

विलंबाने संताप होतो. व्यवस्थेतील इतर त्रुटींनी प्राण जातात. २०२१ हे वर्ष महाराष्ट्र विसरू शकणार नाही. ९ जानेवारी रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून १० बालके दगावली. २१ एप्रिल रोजी नाशिकमध्ये महापालिकेच्या रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीतून गळती होऊन २२ रुग्णांचा अंत झाला. २३ एप्रिल रोजी विरारला आणि २८ एप्रिल रोजी आपल्या ठाणे जिल्ह्यातील मुंब्र्याला रुग्णालयांना आगी लागल्या. मुंब्र्यात चार रुग्ण गेले. या घटनांचा न्यायनिवाडा करण्याचा मला अधिकार नाही. एवढेच म्हणावेसे वाटते की हे रुग्ण रोगामुळे गेले नाहीत. विजेचा भार, वायूची नळी, बाहेर पडण्याची वाट, रात्रपाळीची माणसे, यांपैकी कशा ना कशाची काळजी घेणे हे कोणाचे तरी रोजचे काम असावे लागते. उत्तम शल्यविशारद हे काम करीत नाही आणि त्याने करूही नये. त्यासाठी वेगळा माणूस, वेगळे शिक्षण आणि वेगळा अधिकार लागतो.

याच महामारीत ठाण्यात साकेत-बाळकूम परिसरात सुमारे एक हजार खाटांचे तात्पुरते रुग्णालय थोड्या काळात उभे राहिले. खाटा आठवड्यांत उभ्या राहतात, माणसे घडायला वर्षे लागतात, हा धडा त्या काळाने दिला. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या सुमारे साडेअठरा लाख आणि कल्याण-डोंबिवलीची सुमारे साडेबारा लाख होती. त्यानंतर घोडबंदर रस्त्यापासून टिटवाळ्यापर्यंत किती वसाहती वाढल्या हे आपण रोज लोकलच्या खिडकीतून पाहतो. कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर या पालिकेच्या रुग्णालयांवरील गर्दीही आपण पाहतो. येत्या काळात या पट्ट्यात सरकारी, धर्मादाय आणि खासगी रुग्णालये वाढत जातील. ती चालविणारी माणसे आपल्याच घरांतून का जाऊ नयेत?

पदवी कोणाला, कोठे, कशी

विद्यार्थी मित्रांनो, आता थोडे तुमच्याशी बोलतो. या अभ्यासक्रमासाठी डॉक्टर असणे आवश्यक नाही. वाणिज्य, विज्ञान, कला, औषधनिर्माण, परिचर्या, भौतिकोपचार, दंतवैद्यक, अशा विविध शाखांचे पदवीधर एकाच वर्गात बसतात. पूर्ण वेळ अभ्यासक्रम साधारणपणे दोन वर्षांचा असतो. रुग्णालयाचे नियोजन, वित्त, साहित्य-व्यवस्थापन, मनुष्यबळ, रोगप्रसारशास्त्राची ओळख, संख्याशास्त्र, गुणवत्ता आणि कायदा हे त्याचे मुख्य विषय. त्याला प्रत्यक्ष रुग्णालयातील प्रशिक्षणाची जोड असते. आपल्या बी.कॉम. झालेल्या मुलांना परिव्यय-लेखा, अंकेक्षण आणि सांख्यिकी यांचा पाया आधीच मिळालेला असतो. त्यांना नव्याने शिकावी लागते ती वैद्यकाची परिभाषा आणि वॉर्डातील शिस्त.

मुंबईत टिसव्यतिरिक्त माटुंग्याच्या वेलिंगकर संस्थेत आरोग्यसेवा-व्यवस्थापनाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे. पुण्यात सिंबायोसिसच्या आरोग्यविज्ञान संस्थेत रुग्णालय आणि आरोग्यसेवा-व्यवस्थापनात एमबीए करता येते. प्रवेशपरीक्षा आणि नियम प्रत्येक संस्थेचे वेगळे असतात आणि ते बदलतातही, म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. जाहिरातीला भुलू नये. विद्यापीठ असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता, पदविका असेल तर तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता तपासावी. प्रशिक्षण कोणत्या रुग्णालयात होते, किती महिने होते आणि आधीच्या तुकडीतील विद्यार्थी आज कोठे आहेत, हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत. ताका उलगडून पाहिल्याशिवाय आपण माल घेत नाही. मुलाच्या आयुष्याची दोन वर्षे तशीच पारखून गुंतवावीत.

वस्तुस्थितीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पदवी मिळताच कोणी रुग्णालयाचा प्रमुख होत नाही. पहिली काही वर्षे बिलिंग, प्रवेशकक्ष, साहित्य-भांडार, गुणवत्ता विभाग अशा ठिकाणी जातात. रात्रपाळी असते. सणाच्या दिवशी कामावर जावे लागते. आरंभीचे वेतन खासगी संस्थेच्या शुल्काच्या मानाने कमी वाटू शकते. ज्येष्ठ डॉक्टर तरुण प्रशासकाचे लगेच ऐकतात असे नाही, आणि संतापलेल्या नातेवाइकांसमोर पहिल्यांदा उभे राहावे लागते ते त्यालाच. ज्याला माणसांचा कंटाळा आहे त्याने या वाटेला जाऊ नये. परंतु ज्याला हिशेबही आवडतो आणि माणसेही आवडतात, त्याच्यासाठी याहून समाधानाचे क्षेत्र मला दिसत नाही.

पालकांना दोन शब्द. “डॉक्टर नाही, मग दवाखान्यात नोकरी कसली?” असे आपण विचारतो. माझ्या पुतण्याच्या मुलीलाही घरातून हेच ऐकावे लागले होते. तिच्या लग्नाच्या बोलण्यात रात्रपाळीचा उल्लेख टाळावा, असेही कोणी सुचविले. तिने तो टाळला नाही. आज ती ठाण्यातील एका रुग्णालयात गुणवत्ता विभाग सांभाळते. गेल्या वर्षी तिच्या सासऱ्यांना मध्यरात्री छातीत दुखू लागले, तेव्हा कोणत्या रुग्णालयात जायचे, कोणते कागद न्यायचे आणि कोणाला काय विचारायचे हे घरात फक्त तिलाच ठाऊक होते. त्यानंतर त्या घरात रात्रपाळीविषयी कोणी शब्द काढलेला नाही. दुकानाला वारस हवा, हे मला मान्य आहे. मीही त्याच चिंतेत असलेला माणूस आहे. परंतु चार भावांच्या घरातील एक मूल या वाटेने गेले तर पेढी बुडत नाही.

ट्रस्टपुढे नम्र सूचना

१९१५ साली मुंबईत स्थापन झालेल्या श्री महावीर जैन विद्यालयाने खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांना राहण्याची सोय करून उच्च शिक्षणाची वाट मोकळी केली. समाजाने इमारत बांधली ती विद्येसाठी. त्या परंपरेला स्मरून सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त मी विश्वस्त मंडळापुढे चार सूचना ठेवतो.

पहिली, सुवर्णमहोत्सवी निधीतून दरवर्षी किमान दोन विद्यार्थ्यांना रुग्णालय-प्रशासनाच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमासाठी शिष्यवृत्ती द्यावी. त्यांतील एक जागा मुलीसाठी राखावी. नोकरी लागल्यावर त्याने अथवा तिने तेवढीच रक्कम हप्त्यांनी निधीत परत करावी, म्हणजे पुढील विद्यार्थ्याची सोय होईल. भांडवल फिरते राहिले पाहिजे, हे तत्त्व आपल्याला नवे नाही.

दुसरी, आपल्या समाजातील ज्या व्यक्ती रुग्णालये अथवा दवाखाने चालवितात, त्यांनी अशा विद्यार्थ्यांना प्रशिक्षणाची संधी द्यावी. वर्गात शिकलेले वॉर्डात पारखले जाते.

तिसरी, दहावी-बारावीच्या गुणगौरव समारंभात केवळ वह्या आणि स्मृतिचिन्हे देऊन न थांबता, या क्षेत्रात काम करणाऱ्या एका व्यक्तीला दरवर्षी बोलवावे. मुलांना वाट दाखविणारा माणूस डोळ्यांसमोर दिसला पाहिजे.

चौथी सूचना थोडी कटू आहे, तरी सांगतो. उद्या आपल्या ट्रस्टने दवाखाना अथवा रुग्णालय सुरू केले तर तेथे शिकलेला प्रशासक नेमावा, आणि नेमल्यावर त्याला काम करू द्यावे. विश्वस्ताने धोरण ठरवावे, अंदाजपत्रक मंजूर करावे, दरमहा अहवाल मागावा, आकडे न पटल्यास जाब विचारावा. परंतु ‘हा माझ्या ओळखीचा, याला आधी आत घ्या’, ‘अमुक दुकानातूनच औषधे घ्या’, ‘माझ्या भाच्याला स्टोअरला लावा’, असे दूरध्वनी करू नयेत. पदवीधर नेमून त्याच्या हाती केवळ चाव्यांचा जुडगा दिला आणि निर्णय आपल्याच खिशात ठेवले, तर त्याच्या पदवीचा आणि आपल्या दानाचा, दोहोंचा उपयोग शून्य. देणगीदाराचे नाव भिंतीवर कोरले जाते, ते योग्यच आहे. पण त्या भिंतीआडची व्यवस्था जाणत्याच्या हाती सोपविणे, हा दानाचाच पुढचा भाग आहे. आपल्याकडे रुग्णाच्या आणि वृद्धाच्या सेवेला वैयावृत्य म्हणतात आणि तिची गणना तपात होते. तपात पहिला त्याग अहंकाराचा असतो.

बंधू-भगिनींनो, पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी या ट्रस्टचे रोपटे लावले, त्यांच्यापुढे प्रश्न होता तो साधनांचा. आज साधने आहेत, प्रश्न आहे तो जाणत्या माणसांचा. पुढील पन्नास वर्षांच्या हिशेबात आपण किती खाटा दिल्या याबरोबरच त्या खाटा नीट सांभाळणारी किती मुले-मुली घडविली, याचीही नोंद असावी. येत्या जूनपूर्वी शिष्यवृत्तीचा पहिला अर्ज ट्रस्टच्या कार्यालयात यावा, एवढीच अपेक्षा व्यक्त करतो. माझ्या परीने पहिल्या वर्षीच्या एका विद्यार्थ्याच्या शुल्कातील निम्मा वाटा मी उचलीन, असे या व्यासपीठावरून नम्रपणे जाहीर करतो. उरलेला निम्मा वाटा या सभागृहात बसलेला आहे, याची मला खात्री आहे.